मोटारसायकलीचे एंजिन : शक्ती, शीतलन आणि आयुष्य

लांबच्या प्रवासासाठी बनविलेल्या ज्या मोटारसायकलींना क्रूझर म्हणतात, त्यांची ठेवण इतर मोटारसायकलींहून वेगळी असते. बैठक सखल असते, दोन चाकांमधील अंतर अधिक असते आणि एंजिन थोड्या फेऱ्यांतच भरपूर ओढ देणारे असते. असे वाहन वर्षानुवर्षे चालविणाऱ्याच्या मनात कधी ना कधी तीन इच्छा उत्पन्न होतात. एंजिनात थोडी अधिक शक्ती असावी, उन्हाळ्यातही ते फार तापू नये आणि त्याचे आयुष्य वाढावे. या तीन इच्छा एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. शक्ती वाढली की उष्णता वाढते, आणि उष्णता वाढली की आयुष्य घटते. म्हणून एंजिनाच्या सुधारणेचा विचार हा मुख्यतः उष्णतेचाच विचार होय.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोल जळाल्यामुळे जी उष्णता निर्माण होते, तिचा सुमारे पाव ते एक-तृतीयांश भागच चाकाकडे जाणाऱ्या उपयुक्त कार्यात बदलतो. उरलेल्या उष्णतेपैकी मोठा वाटा धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडतो. बाकीची उष्णता सिलिंडर, त्याचे डोके आणि वंगणतेल यांच्यावाटे हवेत जाते.

हा हिशेब आकड्यांत मांडला म्हणजे त्याचे स्वरूप ध्यानात येते. २० अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण जोराने चालते तेव्हा ते सुमारे १५ किलोवॉट उपयुक्त शक्ती देते. त्याच वेळी ३० ते ४५ किलोवॉट उष्णता वाया जात असते. घरात पाणी तापविण्याचा एक गीझर साधारणतः २ किलोवॉटचा असतो. म्हणजे पंधरा-वीस गीझरांची उष्णता दोन मांड्यांच्या मध्ये बसविलेल्या एका लहानशा धातूच्या पिंडाला सतत बाहेर टाकावी लागते. हे काम क्षणभर जरी मंदावले तरी धातूचे तापमान चढू लागते.

तापमान चढले की काय घडते हे दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, उदाहरणावरून समजेल. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. हा धातू उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. ७० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या २०० अंश सेल्सियसने तापला तर त्याचा व्यास सुमारे ०·३ मिलिमीटरने वाढतो. बिडाचे सिलिंडर तितकेच तापले तरी त्याचा व्यास त्याच्या निम्म्यानेच वाढतो; आणि प्रत्यक्षात सिलिंडर दट्ट्याइतके तापतही नाही. या फरकासाठी दोहोंमध्ये मुळातच थोडी फट ठेवलेली असते. उष्णता प्रमाणाबाहेर गेली की ही फट नाहीशी होते, तेलाचा थर तुटतो आणि दट्ट्या सिलिंडरला घट्ट धरतो. कारागीर यालाच एंजिन जाम झाले असे म्हणतात. भर वेगात असे घडले तर मागचे चाक एकाएकी अडते आणि स्वाराच्या जिवावर बेतते. शीतलनाचा प्रश्न केवळ खर्चाचा नाही, तो सुरक्षिततेचाही आहे.

शक्ती कोठून येते

एंजिनाची शक्ती वाढविण्याचे मार्ग तत्त्वतः तीनच आहेत. प्रत्येक फेरीत अधिक हवा आणि पेट्रोल आत घ्यावयाचे, घेतलेल्या मिश्रणातून अधिक कार्य काढावयाचे, किंवा दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्या वाढवावयाच्या.

पहिल्या मार्गासाठी सिलिंडरचा व्यास वाढवितात, झडपा मोठ्या करतात, हवा येण्याजाण्याचे मार्ग गुळगुळीत व रुंद करतात. दुसऱ्यासाठी संपीडन गुणोत्तर वाढवितात. दट्ट्या तळाशी असताना त्याच्यावर असलेली जागा आणि तो माथ्याशी असताना उरणारी जागा यांच्या प्रमाणास संपीडन गुणोत्तर म्हणतात. आदर्श एंजिनाच्या गणितानुसार हे गुणोत्तर ६·५ असताना कार्यक्षमता सुमारे ५३ टक्के येते आणि ९·५ असताना सुमारे ५९ टक्के येते. प्रत्यक्ष एंजिनात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, परंतु त्यांच्यातील वाढीचे प्रमाण पुष्कळसे टिकून राहते.

तिसरा मार्ग सर्वांत मोहक आणि सर्वांत महाग होय. दट्ट्या प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि दोनदा उलट दिशेने धावतो. या थांबण्या-धावण्याने संयोगदांड्यावर, म्हणजे कनेक्टिंग रॉडवर, जो ताण पडतो तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ५,००० ऐवजी ६,००० फेऱ्या केल्या तर फेऱ्या वाढतात २० टक्क्यांनी, पण ताण वाढतो ४४ टक्क्यांनी. ज्या एंजिनाची धाव लांब आहे त्याला हा मार्ग विशेष मानवत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मोठ्या वेगात मुख्य विरोध हवेचा असतो, आणि हवेवर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्ती १० टक्क्यांनी वाढविली तरी कमाल वेग अवघा ३ टक्क्यांनी वाढतो. ताशी ११० किलोमीटर जाणारे वाहन जेमतेम साडेतीन किलोमीटरांनी पुढे सरकते. वाढीव शक्तीचा खरा उपयोग चढणीवर आणि दुसऱ्या वाहनास ओलांडताना होतो.

ठोका : एक लपलेला शत्रू

संपीडन वाढविण्यास एक मर्यादा आहे. ठिणगी पडल्यावर ज्वाला मिश्रणातून क्रमाक्रमाने पसरावयास हवी. परंतु दाब आणि तापमान फार झाले तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेटते. तेव्हा धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. त्यास ठोका असे म्हणतात. सिलिंडरच्या भिंतीलगत थोड्या थंड वायूचा एक पातळ थर असतो. तो अस्तराप्रमाणे धातूचे रक्षण करतो. ठोक्याच्या दाबलहरी या थराला उडवून लावतात, उष्णता सरळ धातूत शिरते आणि दट्ट्याचा माथा झिजत, प्रसंगी वितळत जातो.

ठोका टाळण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शवितात. पूर्वी हा अंक वाढविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत असत. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले आणि हवेतील एक घातक विष दूर झाले. मात्र त्या शिशाचा एक अप्रत्यक्ष लाभही होता. त्याचा पातळ लेप बाहेरच्या झडपेच्या बैठकीस झिजण्यापासून वाचवीत असे. म्हणून जुन्या एंजिनाची दुरुस्ती करताना झडपेच्या बैठकीच्या जागी कठीण पोलादाचे कडे बसविणे ही दीर्घायुष्याच्या दृष्टीने एक महत्त्वाची सुधारणा ठरते.

उष्णता बाहेर कशी जाते

हवेने थंड होणाऱ्या एंजिनाभोवती पातळ पात्यांच्या रांगा असतात. त्यांच्यामुळे हवेशी संपर्क असलेले क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. ही पाती बिडाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली तर लाभ मोठा होतो, कारण हा धातू बिडाच्या सुमारे तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतो. शिवाय सिलिंडर आणि दट्ट्या यांचे प्रसरण सारखे होत असल्याने दोहोंमधील फट कमी ठेवता येते.

पाती वाऱ्यावर अवलंबून असतात. मोकळ्या रस्त्यावर वारा आपोआप मिळतो. शहराच्या गर्दीत, सिग्नलपाशी उभे असताना, तो मिळत नाही. म्हणूनच अनेक एंजिने घाटापेक्षा गर्दीतच अधिक तापतात. पात्यांमध्ये साचलेला चिखल, त्यांवर चढविलेला रंगाचा जाड थर किंवा शोभेसाठी समोर लावलेली झाकणे हीही उष्णतेची वाट अडवितात. पाती स्वच्छ ठेवणे ही शीतलनाची सर्वांत स्वस्त सुधारणा होय.

दुसरी वाट तेलाची. तेल केवळ घर्षण कमी करीत नाही, ते दट्ट्याच्या तळाची आणि बेअरिंगांची उष्णताही उचलून नेते. या तेलाला एका लहान जाळीतून फिरवून वाऱ्यात थंड करण्याच्या साधनास ऑइल कूलर म्हणतात. तो बसविताना त्याला तापमानावर उघडझाप करणारी झडप असणे इष्ट असते. तेल अती गरम होणे जसे वाईट तसे अती थंड राहणेही वाईटच. ज्वलनातून उत्पन्न होणारी पाण्याची वाफ एंजिनात थोडीफार शिरतेच. तेल सुमारे १०० अंशांपर्यंत तापले नाही तर ते पाणी उडून जात नाही आणि तेलात मिसळून गंज आणते. दररोज मैल-दोन मैल एवढीच फेरी करणाऱ्या वाहनाचे एंजिन याच कारणाने लवकर खराब होते.

तेलाच्या बाबतीत एक ढोबळ नियम सांगितला जातो. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेल कुजण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. ज्याचे एंजिन अधिक तापते त्याने तेल अधिक वेळा बदलावे, हा त्याचा सरळ अर्थ.

मिश्रण आणि ठिणगी

एक भाग पेट्रोल संपूर्ण जळण्यास वजनाने सुमारे साडेचौदा भाग हवा लागते. पेट्रोल यापेक्षा थोडे कमी पडले तर मिश्रण दुबळे झाले असे म्हणतात, आणि दुबळे मिश्रण पूर्ण जोरावर एंजिनाला तापविते. हवेचा मूळ गाळक काढून टाकणे किंवा मोकळा सायलेन्सर बसविणे या लोकप्रिय सुधारणांचा धोका येथेच आहे. हवा वाढते, पण कार्ब्युरेटरमधील जेट तेवढेच राहिल्याने पेट्रोल वाढत नाही. आवाज मोठा होतो, शक्ती क्वचितच वाढते, उष्णता मात्र निश्चित वाढते. शिवाय गाळक नसेल तर रस्त्यावरील धुळीतील वाळूचे कण सिलिंडरमध्ये शिरून रिंगा घासून काढतात.

उलट स्थिती उंच प्रदेशात येते. लडाखमधील खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या सुमारे तीन-पंचमांश असते. तेथे हवा कमी आणि पेट्रोल जास्त होऊन साध्या कार्ब्युरेटरचे एंजिन गुदमरते व काळा धूर सोडते. हवेचा दाब आणि तापमान मोजून त्या मानाने पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक योजना दोन्ही ठिकाणी मिश्रण योग्य राखते. मात्र विरळ हवेमुळे घटलेली शक्ती तीही परत आणू शकत नाही.

ठिणगीची वेळही अशीच महत्त्वाची. ती फार लवकर पडली तर ठोका बसतो. फार उशिरा पडली तर मिश्रण जळत जळतच बाहेर जाते आणि बाहेरची झडप व तिचा मार्ग लाल होईपर्यंत तापतो. झडप आपली बहुतांश उष्णता मिटलेल्या क्षणी आपल्या बैठकीला देते. टॅपेटची फट राखली नाही आणि झडप पूर्ण मिटेनाशी झाली, तर ती उष्णता देण्यास जागाच उरत नाही व झडप जळते. पातळ पत्तीने फट मोजण्याचे दहा मिनिटांचे काम असा मोठा खर्च वाचविते.

अमेरिकेतील जोडसिलिंडर

क्रूझर हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत वाढला. हार्ले-डेव्हिडसन या कंपनीच्या मोठ्या एंजिनात दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात एकामागे एक असतात. पुढचे सिलिंडर वारा घेते आणि मागचे त्याच्या आडोशाला येते. त्यामुळे मागचे सिलिंडर अधिक तापणे हे या रचनेचे जन्मजात वैगुण्य होय. तेथील अभियंत्यांनी ते टप्प्याटप्प्याने कमी केले. १९४८ साली सिलिंडरची डोकी ॲल्युमिनियमची झाली. १९८४ च्या एंजिनात सिलिंडरही ॲल्युमिनियमची आली. २०१४ साली काही मोठ्या गाड्यांच्या डोक्यांतून पाणी खेळविण्यात आले. २०१७ च्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार झडपा दिल्या गेल्या आणि बाहेरच्या झडपांभोवतीचा सर्वांत तप्त भाग तेलाने किंवा पाण्याने थंड करण्याची योजना झाली.

याच मालिकेतील १९९९ च्या एंजिनाची कथा बोधप्रद आहे. त्यात झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट साखळीने फिरत. साखळी ताणून धरण्यासाठी स्प्रिंगच्या जोरावर दाबलेली प्लॅस्टिकची गादी होती. एंजिन शक्तिमान होते, पण ही गादी झिजे आणि तिचे कण तेलात मिसळत. गादी पार झिजली तर तेलाचा पंप व कॅमशाफ्ट यांनाही धोका पोहोचे. पुढे २००७ सालापर्यंत तिच्या जागी तेलाच्या दाबाने हलका ताण देणारी रचना आली. अनेक मालकांनी जुन्या एंजिनांतही ती बसवून घेतली. एंजिनाचे आयुष्य त्यातील सर्वांत बलवान भागाने ठरत नसून सर्वांत दुबळ्या भागाने ठरते, हे यावरून दिसून येते.

एका भारतीय एंजिनाची वाटचाल

१९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मूळ इंग्लंडातील बुलेट ही मोटारसायकल तिरुवोट्टियूर येथे तयार होऊ लागली. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर आणि आकारमान ३४६ घन सेंटिमीटर होते. सिलिंडर बिडाचे होते. शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती होती. हे एंजिन अर्ध्या शतकाहून अधिक काळ बनत राहिले. त्यातील तेलाचे पंप लहान होते आणि संयोगदांड्याच्या मोठ्या टोकास साधे बुश असे. म्हणून अधिक क्षमतेचे पंप आणि रोलर बेअरिंगचा दांडा या त्याच्या जाणत्या मालकांच्या आवडत्या सुधारणा होत्या.

पुढे ऑस्ट्रियातील एव्हीएल या संस्थेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमचे नवे एंजिन तयार झाले. २००२ साली आलेल्या थंडरबर्ड या क्रूझरला ते बसविले गेले. त्यानंतर एंजिन व गिअरपेटी एकाच कवचात आणणारी रचना आली. तिच्यातील टॅपेट तेलाच्या दाबाने आपली फट आपणच राखीत. २०२० साली मीटिऑर या क्रूझरबरोबर संपूर्ण नवे एंजिन आले. त्याचा व्यास ७२ मिलिमीटर, धाव ८५·८ मिलिमीटर, आकारमान ३४९ घन सेंटिमीटर आणि संपीडन गुणोत्तर ९·५ आहे. ते हवा आणि तेल या दोहोंनी थंड होते. क्रँकच्या उलट दिशेने तितक्याच वेगाने फिरणारा एक तोलदंड त्यात आहे. एकाच सिलिंडरच्या एंजिनात दट्ट्याच्या हालचालीने जो हादरा बसतो, त्याचा मुख्य भाग हा दंड नाहीसा करतो.

या नव्या एंजिनाची शक्ती २०·२ अश्वशक्ती आहे. वाचकांच्या लक्षात येईल की, साठाहून अधिक वर्षांच्या प्रयत्नांनंतर शक्ती अवघी दोन अश्वशक्तींनी वाढली. मग अभियंत्यांचे श्रम कोठे गेले? ते धूर स्वच्छ करण्यात गेले, कारण २०२० सालापासून भारतात उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले आहेत. ते हादरे कमी करण्यात गेले, तेल गळू न देण्यात गेले, आणि वारंवार हत्यारे हाती घ्यावी लागू नयेत यासाठी गेले. चांगल्या सुधारणेचे माप शक्तीच्या आकड्यात नेहमीच दिसत नाही.

सुधारणेचा क्रम

जो आपल्या एंजिनात सुधारणा करू इच्छितो त्याने कोणत्या क्रमाने जावे, हे वरील विवेचनावरून ठरविता येते. प्रथम असलेले एंजिन निरोगी करावे. सिलिंडरमधील दाब मोजावा, टॅपेटची फट, ठिणगीची वेळ आणि मिश्रण तपासावे, गाळक व तेल बदलावे. जी शक्ती विकत घ्यावयास माणूस निघालेला असतो, ती पुष्कळदा याच तपासणीत परत मिळते. त्यानंतर तेलाचा पुरवठा आणि शीतलन सुधारावे. मग झडपा व हवेचे मार्ग हाती घ्यावेत आणि त्या मानाने पेट्रोलचे प्रमाण जुळवावे. संपीडन, आकारमान आणि फेऱ्या वाढविण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्यातही आधी संयोगदांडा, बेअरिंगे, क्लच आणि ब्रेक हा वाढीव भार सोसतील याची खात्री करून घ्यावी.

कायद्याचाही विचार आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. एंजिनाचे आकारमान हा असाच एक तपशील आहे. म्हणून रस्त्यावर चालवावयाच्या वाहनात मूळ मापांच्या मर्यादेत राहूनच सुधारणा करणे इष्ट होय.

सुदैवाने दीर्घायुष्याच्या बहुतेक उपायांना ही मर्यादा आड येत नाही. थंड एंजिन सुरू होताच जोराने न चालविणे, नवे दट्टे व रिंगा बसविल्यावर काही शे किलोमीटर संयमाने चालवून त्यांना सिलिंडरशी जुळू देणे, गर्दीत दीर्घकाळ थांबावे लागल्यास एंजिन बंद करणे, आणि तेल वेळेवर बदलणे या गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. एंजिन आपल्या प्रकृतीची चिन्हे आवाजाने, वासाने आणि धुराच्या रंगाने दाखवीत असते. निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर पेट्रोल जास्त असल्याचे सांगतो आणि चढणीवरचा ठोका ताण असह्य झाल्याचे सांगतो. ही चिन्हे जो वेळीच ओळखतो, त्याला थोड्या शक्तीतही दूरचा पल्ला निर्धास्तपणे गाठता येतो.